पाणी शिरले, झिरपले की भिनले?

प्रश्न : मी नाशिकमध्ये इमारतींच्या दुरुस्तीबद्दल सल्ला देणाऱ्या एका लहान कार्यालयात काम करते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, नंतर स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेतली. पाहणीचे अहवाल मला इंग्रजीत लिहावे लागतात. गेल्या महिन्यात एका सोसायटीतील सदनिकेच्या छताला आलेल्या ओलीबद्दल मी ‘वॉटर हॅज पेनिट्रेटेड द स्लॅब’ असे लिहिले. स्लॅबला भोक पडले आहे आणि ते आपल्यामुळे पडले आहे, असा त्याचा अर्थ घेऊन वरच्या मजल्यावरचे कुटुंब संतापले. खालच्या मजल्यावरच्यांनी त्याच वाक्यावर बोट ठेवून सगळा खर्च मागितला. आमचे वरिष्ठ म्हणाले, ‘सरळ लीकेज लिहायचे, सगळे एकच.’ शब्दकोश पाहिला तर पर्मिएट, पेनिट्रेट, पर्कोलेट, सीप, पर्व्हेड या सगळ्यांपुढे ‘आत शिरणे, झिरपणे, व्यापणे’ हेच फिरून फिरून येते. पोरस आणि पर्मिएबल यांतही मला फरक कळत नाही. मराठी माध्यमामुळे हे असे कायमच राहणार का? आता सुधारित अहवाल आणि सोसायटीच्या फलकावर लावायला मराठीत एक सूचना द्यायची आहे. काय लिहू?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : माध्यमाबद्दलची तुमची शंका आधी घेते, कारण ती मनात तशीच राहिली तर पुढचे सगळे तुम्ही नुसते पाठ कराल. मी स्वतः मराठी माध्यमात शिकले आणि पुढे नाशिकमध्येच वर्षानुवर्षे मुलांना इंग्रजी शिकवले. एखादा इंग्रजी शब्द मुलांना उलगडत नाही तेव्हा अनेकदा अडचण इतकीच असते की, तीच गोष्ट घरी सांगताना तुम्ही कोणते क्रियापद वापरता, हे त्यांना कोणी विचारलेले नसते. पाणी, वास, रंग, विष, ओल या गोष्टी एखाद्या पदार्थात कशा जातात आणि त्यातून कशा बाहेर येतात, हे सांगायला मराठीत शिरणे, घुसणे, भेदणे, झिरपणे, पाझरणे, मुरणे, भिनणे, दरवळणे, कोंदणे अशी क्रियापदे आहेत, आणि ती एकमेकांच्या जागी बसत नाहीत हे तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. लोणचे मुरते, ते झिरपत नाही. विष अंगात भिनते, ते पाझरत नाही. माठ पाझरतो, त्याला मुरतो म्हटले तर घरातले लहान मूलसुद्धा हसेल. ज्या बारकाव्याची तुम्हाला इंग्रजीत गरज आहे तो तुमच्या कानात आधीपासून आहे. लहान शब्दकोशाला दोन-तीन प्रतिशब्द देऊन थांबावे लागते, त्यामुळे तो बारकावा तिथे दिसत नाही.

आता पेनिट्रेट. या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील ‘पेनुस’ हा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ घराच्या अगदी आतली, धान्य-सामान ठेवायची कोठी असा होतो. त्या कोठीचे रक्षण करणाऱ्या कुलदेवतांना रोमन लोक ‘पेनातेस’ म्हणत. जुन्या नाशिकमधला एखादा वाडा डोळ्यांसमोर आणा : ओसरीवर कोणीही येऊन बसते, चौकापर्यंत ओळखीचे लोक येतात, माजघरात मात्र सगळे जात नाहीत. पेनिट्रेट म्हणजे ओसरी ओलांडून माजघराच्या दिशेने जाणे. म्हणून या शब्दाला नेहमी खोली लागते. किती आत गेले, हा प्रश्न त्याच्या पोटातच असतो.

तुमच्या स्वतःच्या विषयातील शब्द पाहिलेत तर हे लगेच पटेल. पायासाठी जमिनीची तपासणी करताना जी स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट करतात, तिच्यात ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटर उंचीवरून टाकून नमुना घेणारी नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. डांबराच्या पेनिट्रेशन चाचणीत २५ अंश सेल्सिअस तापमानाला १०० ग्रॅम भाराची सुई ५ सेकंदांत किती खोल रुतली, हे मिलिमीटरच्या दहाव्या भागांत सांगतात. काँक्रीटच्या वॉटर पेनिट्रेशन चाचणीत ठोकळ्यावर ७२ तास पाण्याचा दाब ठेवून नंतर तो ठोकळा फोडतात आणि ओल किती मिलिमीटर आत पोचली ते पाहतात. अंबड किंवा सातपूरच्या एखाद्या वेल्डरला विचारलेत तर ‘पेनिट्रेशन कमी पडले’ याचा अर्थ तो नेमका सांगेल : वेल्ड वरून दिसायला चांगला आहे, पण धातू पुरेशा खोलीपर्यंत एकजीव झालेला नाही. या चारही ठिकाणी मोजायची आहे ती खोली, आणि पलीकडच्या बाजूने बाहेर पडणे यांपैकी कुठेच अपेक्षित नाही.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतील. पेनिट्रेट म्हणजे भोक पडणे, असा अर्थ वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाने काढला तो शब्दाला धरून नव्हता. वेल्डमधील बारीक तडा शोधायला जो रंगीत द्रव लावतात त्याला पेनिट्रंट म्हणतात, आणि तो द्रव नवे भोक पाडत नाही, असलेल्या तड्यात आपोआप ओढला जातो. इंग्लंडमध्ये घरांची पाहणी करणारे लोकही बाहेरच्या भिंतीतून आडव्या वाटेने आत येणाऱ्या ओलीला ‘पेनिट्रेटिंग डॅम्प’ म्हणतात आणि जमिनीतून केशाकर्षणाने वर चढणाऱ्या ओलीला ‘रायझिंग डॅम्प’ म्हणतात. त्यामुळे तुमचे वाक्य व्याकरणाने किंवा कोशाने चुकलेले नव्हते. चूक अशी झाली की, ज्या शब्दाला खोलीची अपेक्षा आहे त्याच्या पुढे तुम्ही खोली न देता थेट ‘स्लॅब’ लिहिले, आणि मग वाचणाऱ्याने ती खोली आपल्या मनाने भरली. भाला ढालीला पेनिट्रेट करतो, गोळी दाराला करते, हे वापर सगळ्यांच्या कानावर असतात; त्यांत जोर आहे, आघात आहे. ज्यांना त्या वाक्यामुळे आपल्यावर आरोप आल्यासारखे वाटत होते त्यांनी तोच अर्थ ऐकला, आणि त्याबद्दल त्यांना फार दोष देता येणार नाही.

भोकच सांगायचे असेल तर इंग्रजीत पिअर्स आणि पर्फोरेट हे शब्द आहेत. पिअर्स म्हणजे टोकदार वस्तूने टोचणे, कान टोचणे. पर्फोरेट म्हणजे छिद्रे पाडणे, पुष्कळदा ओळीने. १८४० साली निघालेले जगातील पहिले टपाल तिकीट कात्रीने कापून घ्यावे लागे. ब्रिटनमध्ये १८५४ पासून तिकिटांच्या कडेला छिद्रांच्या ओळी आल्या आणि ती हाताने फाडता येऊ लागली. नाशिक रोडच्या मुद्रणालयात छापलेले एखादे तिकीट हातात घेऊन त्याच्या दातेरी कडेवरून बोट फिरवा, म्हणजे पर्फोरेट हा शब्द पुन्हा विसरणार नाही.

पर्मिएट या शब्दाची प्रकृती याहून अगदी वेगळी आहे. ‘पर’ म्हणजे आरपार आणि ‘मेआरे’ म्हणजे जाणे-येणे. कोठीचे दार ओलांडण्याची धडपड त्यात नाही. असलेल्या बारीक वाटांनी हळूहळू सगळीकडे पोचणे आहे. माझ्या मते ‘भिनणे’ हा त्याचा सर्वांत जवळचा मराठी शब्द आहे. येवल्याच्या पैठणीसाठी रेशीम रंगवतात तेव्हा रंग धाग्याच्या वरवर बसून चालत नाही, तो धाग्यात भिनावा लागतो. कुठेही तोडून पाहिले तरी रंग दिसला पाहिजे. पेनिट्रेटला ‘किती खोल’ असे विचारावे लागते, तर पर्मिएटला ‘कुठे कुठे’ असे विचारावे लागते, आणि त्याचे उत्तर बहुधा ‘सगळीकडे’ असे येते. म्हणूनच ‘वॉटर हॅज पर्मिएटेड द स्लॅब’ हे वाक्य तुमच्या आधीच्या वाक्यापेक्षा सौम्य वाटले तरी प्रत्यक्षात अधिक गंभीर आहे, कारण त्याचा अर्थ सबंध स्लॅब ओलीने भरला आहे असा होतो. एका कोपऱ्यातल्या हातभर डागासाठी तो शब्द लिहू नका.

पर्मिएट हे नामही आहे. घरातल्या आर.ओ. यंत्राच्या पटलातून पलीकडे आलेल्या स्वच्छ पाण्याला त्या व्यवसायात पर्मिएट म्हणतात आणि अलीकडे उरलेल्या खारट पाण्याला रिजेक्ट. या वापरात मात्र ‘सगळीकडे भिनणे’ हा अर्थ मागे पडतो आणि ‘पार गेलेले’ हा मूळ लॅटिन अर्थ पुढे येतो, हे ध्यानात ठेवलेले बरे.

पर्व्हेडबद्दल फार लिहायची गरज नाही. हा शब्द तुमच्या अहवालात येण्याचे कारणच नाही, कारण त्याला भिंत किंवा स्लॅब लागत नाही. त्याला खोली, घर, गाव, काळ, मन असे काहीतरी लागते. चांगला वास दरवळतो, वाईट वास कोंदतो, भीती किंवा उदासी भरून राहते, आणि या सगळ्यांसाठी इंग्रजीत पर्व्हेड चालतो. अशा ठिकाणी पर्मिएटही चालतो, पण उलट चालत नाही : रंग धाग्यात पर्व्हेड झाला असे कोणी लिहीत नाही.

आता ज्या शब्दांनी तुमचे काम होणार आहे त्यांच्याकडे येते. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला डोंगरउतारावर उभे राहिले की, एकाच पाण्याचा सगळा प्रवास पाहायला मिळतो. पाऊस जमिनीवर पडतो आणि त्यातले काही पाणी पृष्ठभागातून मातीत जाते. जलशास्त्रात त्या पहिल्या पायरीला इन्फिल्ट्रेशन म्हणतात. मातीत गेलेले पाणी थरांमधून खाली खाली उतरत जाते, ते पर्कोलेशन. आणि पुढे कुठेतरी उताराच्या कडेला, खडकाच्या सांध्यातून ते थेंब-थेंब बाहेर येऊ लागते, ते सीपेज. इन्फिल्ट्रेट आणि फिल्टर हे एकाच घरातले शब्द, आणि त्यांच्या मुळाशी गाळण्यासाठी वापरला जाणारा नमदा, म्हणजे दाबून केलेले लोकरीचे जाड कापड, आहे. पर्कोलेटच्या मुळाशी ‘कोलुम’ म्हणजे गाळणी आहे. वर्तमानपत्रात इन्फिल्ट्रेट म्हणजे घुसखोरी वाचून तुम्ही बिचकला असाल, पण तिथेही तीच कल्पना आहे : दार फोडून आत येणे वेगळे, आणि कोणाच्या लक्षात न येता फटीफटींतून, एकेक करून आत येणे वेगळे.

पर्कोलेट या शब्दाचा महाराष्ट्राच्या शासकीय मराठीत जो अनुवाद झाला आहे तो मला फार आवडतो. पर्कोलेशन टँक म्हणजे पाझर तलाव. १९७२ च्या दुष्काळात रोजगारासाठी जी कामे निघाली त्यांत हे तलाव मोठ्या संख्येने झाले, आणि खेडोपाडी हा शब्द त्यामुळेच रुजला. पाझर तलावाला कालवा नसतो. त्यातले पाणी जमिनीत उतरून खालच्या अंगाच्या विहिरींना मिळावे हाच त्याचा हेतू असतो. म्हणजे पर्कोलेट या शब्दात पाणी खाली जाणे आहे, कणाकणांच्या थरातून जाणे आहे, आणि जाता जाता गाळले जाणेही आहे. सदनिकेच्या छतासाठी हा शब्द सहसा वापरत नाहीत. शोषखड्ड्याची जागा ठरवताना जमीन पाणी किती वेगाने पिते हे पाहायची जी चाचणी असते तिला पर्कोलेशन टेस्ट म्हणतात, तिथे तो अगदी योग्य आहे.

सीप म्हणजे झिरपणे, आणि हाच तुमचा शब्द आहे. त्यात पाणी थोडे आहे, वेग कमी आहे, एकच ठळक भोक नाही, बारीक छिद्रे आणि सांधे आहेत. आता तुमच्या वरिष्ठांचा लीकेज याच्याशेजारी ठेवा. लीक व्हायला एक जागा लागते जिथून गळायला नको होते : तुटलेला नळ, फुटलेले पाइप, सुटलेला जोड. गळती आणि झिरपणे यांतील हा फरक लहान वाटतो, पण धरणांवर काम करणाऱ्यांना तो फार मोठा वाटतो. आपले गंगापूर धरण मातीचे आहे. मातीच्या कोणत्याही धरणाच्या अंगातून थोडे पाणी झिरपणारच, ते गृहीत धरूनच बांधाच्या आत गाळणीचे थर आणि पायथ्याशी निचऱ्याची व्यवस्था करतात, आणि झिरपणारे पाणी नियमित मोजतात. ते पाणी स्वच्छ आहे तोवर चिंता नसते. ते गढूळ झाले, म्हणजे बरोबर माती आणू लागले, की धावपळ सुरू होते. तिथे एखाद्या अभियंत्याने सीपेजच्या जागी लीकेज लिहिले तर खालच्या गावांतील लोकांची झोप उडेल. तुमच्या वरिष्ठांचा अनुभव मोठा आहे आणि त्यांचा मान राखूनच सांगते की, हे ‘सगळे एकच’ नाही. तुमच्या प्रकरणात लीकेज लिहिले असते तर पाइप फुटले आहे असे समजून सोसायटीने प्लंबर बोलावला असता, आणि त्याला काहीच सापडले नसते.

छताला पांढरे ओघळ किंवा लोणा दिसला असेल तर आणखी एक शब्द जवळ ठेवा : लीच. उच्चार लीकच्या जवळचा असला तरी त्याचा आजचा अर्थ गळती असा नाही. पाणी जाता जाता पदार्थातले काही विरघळवून बरोबर नेते, त्याला लीच होणे म्हणतात. काँक्रीटमधला चुना असा बाहेर येतो, हवेतील कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग होतो आणि पांढरा थर मागे राहतो.

पोरस आणि पर्मिएबल यांच्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण या बाबतीत नाशिकइतकी चांगली शाळा दुसरी नाही. पोरस म्हणजे सच्छिद्र, ज्याच्या अंगात पोकळ्या आहेत असा. पर्मिएबल म्हणजे पार्य, ज्यातून पलीकडे जाता येते असा. पोकळी असणे आणि वाट असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या पायाखालचा काळा कातळ लाव्ह्यापासून झालेला आहे, आणि लाव्ह्याच्या थरांच्या वरच्या भागात वायूच्या बुडबुड्यांनी असंख्य भोके राहिलेली असतात. तसा जाळीदार दगड हातात घेतला तर वाटते की, यातून पाणी सहज वाहील. पण ती भोके एकमेकांना जोडलेली नसतील तर दगड पोरस असूनही त्यातून पाणी जात नाही. पुढे त्या पोकळ्यांत झिओलाइटसारखी खनिजे साचली की, पोकळीही उरत नाही. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जे सुंदर स्फटिक ठेवले आहेत ते अशाच पोकळ्यांत वाढलेले असतात. याउलट ज्या कातळात बुडबुडे नाहीत पण भेगा आणि सांधे आहेत, त्याच्या अंगात पोकळी फारच थोडी असूनही त्या भेगांमधून विहिरीला पाणी येते. आणि जिथे भेगाही नाहीत तिथे पाणी साठून राहते : पांडवलेण्यांत सुमारे २००० वर्षांपूर्वी कातळात खोदलेल्या पाण्याच्या पोढी, म्हणजे टाकी, आहेत, आणि तिथल्या शिलालेखांत त्यांचा उल्लेखही आहे. त्या खोदणाऱ्यांना पोरस हा शब्द माहीत नव्हता, पण कोणता दगड पाणी धरतो याची पारख त्यांना होती.

मातीतही हेच दिसते. आपल्या काळ्या मातीत एकूण पोकळी वाळूपेक्षा जास्त असू शकते, पण तिचे कण इतके बारीक आणि पोकळ्या इतक्या लहान असतात की, पाणी अडकून राहते; म्हणून पावसानंतर शेतात चिखल होतो आणि वाळूवर होत नाही. फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावर काम करणारे अभियंते हेन्री दार्सी यांनी वाळूच्या थरातून पाणी किती वेगाने जाते याचे प्रयोग करून १८५६ साली त्याचा नियम मांडला, आणि तुम्ही पदविकेत पर्मिएबिलिटीची जी चाचणी केली असेल ती त्याच नियमावर उभी आहे. पोरॉसिटी सांगते की, आत जागा किती आहे; पर्मिएबिलिटी सांगते की, त्या जागेतून जाता किती येते. गोदापात्रातील काँक्रीट काढावे म्हणजे जुन्या कुंडांचे झरे मोकळे होतील, अशी मागणी नाशिककर बरीच वर्षे करत आहेत, तिच्या मुळाशी हा दुसरा शब्द आहे.

आणि पार्यता ही बदलता येते. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे आतले पाणी सहज उडून जात नाही. बेदाणा करणारे शेतकरी द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएट यांच्या द्रावणात बुडवतात, त्याने मेणाचा तो थर पाणी जाऊ देऊ लागतो आणि द्राक्ष लवकर सुकते. साल फाटलेली नाही, तिला भोक पडलेले नाही, ती फक्त जास्त पर्मिएबल झाली आहे. तुमच्या वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला स्लॅबबद्दल समजवायचे असेल तर हे उदाहरण सांगून पाहा. नाशिकमध्ये ते कोणालाही कळेल.

इम्पर्व्हियस हा शब्द तुम्ही विचारला नाहीत, पण जलरोधक लेपांच्या माहितीपत्रकांत तो तुम्हाला भेटेल. त्याच्या पोटात ‘व्हिया’ म्हणजे वाट आहे : ज्यातून वाट नाही तो. इम्पर्मिएबलपासून व्यवहारात त्याचा फारसा फरक नाही, एवढेच की टीकेने किंवा उपदेशाने ज्याच्यावर काही परिणाम होत नाही अशा माणसालाही इम्पर्व्हियस म्हणतात.

मुरणे या क्रियापदासाठी मात्र मला आजवर एकही इंग्रजी शब्द सापडलेला नाही. सोक म्हणावे तर भिजण्यावर थांबते, पर्मिएट म्हणावे तर पसरण्यावर थांबते. मुरण्यात आत जाणे आहे, तिथेच राहणे आहे, आणि वेळ गेल्यावर चव किंवा शहाणपण येणेही आहे. म्हणून लोणचेही मुरते आणि माणूसही एखाद्या कामात मुरतो. तुमच्या अहवालात ‘पाणी मुरत आहे’ याचा अनुवाद करायची वेळ आली तर एका शब्दाचा हट्ट सोडा आणि सरळ दोन वाक्ये लिहा. मराठी सूचनेत तर तो शब्द मुळीच नको, कारण ‘कुठेतरी पाणी मुरते आहे’ याचा आपल्याकडे जो अर्थ घेतात तो सोसायटीच्या फलकावर नवे भांडण लावील.

सुधारित अहवालाकडे वळते. आधी क्रियापदाशिवाय लिहा : डाग कुठे आहे, किती लांब-रुंद आहे, प्लास्टर फुगले आहे का, पोपडे आले आहेत का, सळई उघडी पडली आहे का. यासाठी ‘डॅम्प पॅच’ हे दोन शब्द पुरेसे आहेत आणि त्यांत कोणावर आरोप नाही. पाणी कोणत्या वाटेने आले हे सांगणारे क्रियापद तुम्ही ती वाट तपासल्याशिवाय लिहू नका. वरच्या न्हाणीघरात ४८ तास पाणी साठवून खालचा डाग वाढतो का ते पाहा. डागाची कड पेन्सिलने आखून तारीख घाला. चाचणीत तसे आढळले तर लिहा : ‘वॉटर इज सीपिंग थ्रू द जॉइंट अराउंड द नहाणी ट्रॅप.’ (नहाणी ट्रॅप म्हणजे न्हाणीघरातले पाणी वाहून जायचे जाळीखालचे भांडे. आपली न्हाणी बांधकामाच्या इंग्रजी अंदाजपत्रकांत किती सहज जाऊन बसली आहे हे पाहून मला दर वेळी बरे वाटते.) काँक्रीटचा नमुना काढून ओलीची खोली मोजली असेल तरच पेनिट्रेट वापरा, आणि आकड्यासह वापरा : ‘मॉइश्चर हॅज पेनिट्रेटेड टू अ डेप्थ ऑफ’ आणि पुढे मिलिमीटर. मोजली नसेल तर तो शब्द गाळा. पहिल्या अहवालातील वाक्य आपण बदलले आहे आणि का बदलले आहे, हे एका ओळीत स्पष्ट लिहा. गुपचूप बदललेत तर दोन्ही कुटुंबांना संशय येईल.

फलकावरची सूचना, चाचणीचा निष्कर्ष वरीलप्रमाणे आला तर, अशी लिहिता येईल : ‘खालच्या सदनिकेच्या न्हाणीघराच्या छताला आलेली ओल वरच्या न्हाणीघरातील नहाणी ट्रॅपभोवतीच्या सांध्यातून पाणी झिरपल्यामुळे आली आहे. स्लॅबला भोक पडलेले नाही आणि कोणतेही पाइप फुटलेले नाही. आधीच्या अहवालातील संबंधित वाक्य बदलण्यात आले आहे. सांधा भरून ट्रॅपभोवतीचा कोबा नव्याने करावा लागेल. काम पूर्ण झाल्यावर पुन्हा ४८ तास पाणी साठवून दोन्ही सदनिकाधारकांसमोर तपासणी केली जाईल.’ यातील पहिले आणि शेवटचे वाक्य दोन्ही कुटुंबांना आधी तोंडी वाचून दाखवा आणि मगच कागद फलकावर लावा.